गिटारच्या पोटातली नावं

२० जून २०१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका इंग्रज वादकाच्या गिटारींचा लिलाव झाला. वादक म्हणजे पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमूर. त्या दिवशी विकल्या गेलेल्या गिटारींपैकी दोन आज आपल्या कामाच्या आहेत. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच नमुन्याच्या : फेंडर स्ट्रॅटोकास्टर. एक पांढरी, १९५४ सालची, पाठीवरच्या धातूच्या पट्टीवर क्रमांक ०००१. तिला १८ लाख १५ हजार डॉलर आले. दुसरी काळी. तिला आले ३९ लाख ७५ हजार डॉलर.

आता गंमत पाहा. क्रमांक ०००१ असलेली ही गिटार पहिली स्ट्रॅटोकास्टर नव्हेच. तिच्या आधीही काही बनलेल्या होत्या. तिच्या मानेवर तारीख आहे जून महिन्याची आणि अंगावर सप्टेंबरची, म्हणजे मान तयार होऊन तीन महिने अंगाची वाट पाहत पडून होती. आणि ती काळी? तिचं अंग साठच्या दशकाच्या अखेरचं, मान अनेकदा बदललेली, आतलं विजेचं सामानही बदललेलं. जुन्या गिटारींच्या बाजारात ज्याला ‘ओरिजिनल’ म्हणतात, तसं तिच्यात फार थोडं उरलं होतं.

काळ्या गिटारीची किंमत वाजवणाऱ्याच्या नावाची होती, हे उघड आहे. तो मुद्दा बाजूला ठेवू. मला बोलायचं आहे ते वाद्याबद्दल. नाव काढून घेतलं, तर एकाच सालच्या, एकाच नमुन्याच्या दोन जुन्या गिटारी किती सारख्या असतात? मी स्वतः गिटार वाजवत नाही. पण माझा भाचा पुण्यात गिटारदुरुस्तीचं काम करतो आणि त्याच्या टेबलापाशी बसून माझ्या अनेक दुपारी गेल्या आहेत. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला होता, “मामू, कंपनी एक, साल एक, म्हणून गिटार एक असं समजू नका. सख्खे भाऊ असतात, जुळे नसतात.” असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी हे वाद्य चालतं कसं, ते थोडक्यात सांगतो. सतार, तंबोरा किंवा साधी गिटार यांना पोकळ पेटी किंवा भोपळा असतो आणि त्यात आवाज घुमतो. भरीव इलेक्ट्रिक गिटारीला पेटी नसते. अंग म्हणजे लाकडाची फळी. तारांखाली पिकअप नावाचा एक भाग असतो. त्यात चुंबक आणि चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज उठते. शाळेत फॅरेडेचा प्रयोग शिकलो, तोच हा. ती वीज केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाते आणि मग आपल्याला सूर ऐकू येतो.

हे वाद्य बाजारात आणून यशस्वी करणारा लिओ फेंडर रेडिओदुरुस्तीवाला होता. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ मध्ये त्यानं रेडिओदुरुस्तीचं दुकान काढलं. त्यालाही गिटार वाजवता येत नसे. १९५० मध्ये त्यानं काढलेल्या गिटारीचं नाव रेडिओवरूनच होतं : ब्रॉडकास्टर. पण ग्रेच नावाच्या कंपनीचे त्याच उच्चाराचे ड्रम बाजारात होते. त्यांनी हरकत घेतली. फेंडरनं काय करावं? छापून ठेवलेल्या नावपट्ट्यांतलं ‘ब्रॉडकास्टर’ एवढंच कापून टाकलं आणि उरलेल्या पट्ट्या चिकटवून गिटारी विकल्या. १९५१ मधल्या त्या बिननावाच्या गिटारींना आज रसिक ‘नोकास्टर’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी मोठी रक्कम मोजतात. पुढं नाव ठरलं टेलिकास्टर. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. तिची किंमत होती २४९ डॉलर ५० सेंट.

फेंडरचा विचार दुरुस्तीवाल्याचा होता. रेडिओचा एक भाग बिघडला की तो काढून दुसरा बसवतात, तशी गिटार का असू नये? जुन्या पद्धतीत मान अंगात सरसानं कायमची बसवत. त्यानं ती चार स्क्रूंनी बसवली. माना एका जागी बनत, अंगं दुसरीकडे, पिकअप तिसरीकडे, आणि शेवटी जुळणीच्या टेबलावर हाताला येईल ती मान हाताला येईल त्या अंगाला लागे. क्रमांकाची पट्टीसुद्धा डब्यातून हाताला येईल ती. म्हणून कमी क्रमांकाची गिटार नंतरची असू शकते आणि जून-सप्टेंबरची जोडी जमते.

सुटे भाग म्हटले की आपल्याला वाटतं, सगळे साच्यातून काढल्यासारखे असणार. इथंच फसायला होतं. यंत्र लाकडाला फक्त ढोबळ आकार द्यायचं. उरलेलं काम हाताचं.

मानेचंच घ्या. वादकाचा डावा हात सतत मानेवर फिरत असतो, त्यामुळं तिची जाडी आणि गोलाई अर्ध्या मिलिमीटरनं बदलली तरी तळहाताला कळतं. यंत्रातून आलेली मेपल लाकडाची मान कारागीर फिरत्या पॉलिशपट्ट्यावर धरून, फिरवून, डोळ्यांनी आणि अंगठ्यानं पाहत उतरवायचे. ही माणसं बरीचशी मेक्सिकन वंशाची, त्याच भागात राहणारी. टाडेओ गोमेझ हा त्यांतला एक. मान झाली की अंगाशी जुळणाऱ्या टोकावर, जे टोक नंतर कधी दिसायचं नसतं, तिथं तो पेन्सिलीनं आपली आद्याक्षरं आणि तारीख लिहायचा. आज कोणी चार स्क्रू सोडून मान काढली आणि तिथं ‘टी.जी.’ दिसलं, की पाहणाऱ्याचे डोळे चमकतात. त्यानं ती अक्षरं लिहिली तेव्हा ती कारखान्यातल्या हिशेबाची खूण होती, इतकंच.

या मानांचे आकार काळाप्रमाणेही बदलत गेले. पन्नासच्या दशकाच्या आरंभी जाडजूड, १९५५ ते १९५७ च्या सुमारास मागं किंचित कणा असलेल्या, होडीच्या तळासारख्या, नंतर सडपातळ. पण हे वर्णन सरासरीचं. १९५६ ची म्हणून कणेदार मान अपेक्षून हातात घ्यावी आणि ती गोल निघावी, असंही होतं. त्या दिवशी पट्ट्यावर कोण होतं आणि किती दाबलं, यावर ते अवलंबून.

आता पिकअप. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा इथं आहे.

स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपमध्ये सहा चुंबकाच्या कांड्या, वर-खाली तंतुपुठ्ठ्याची एकेक पट्टी, आणि कांड्यांभोवती तारेचे सुमारे आठ हजार वेढे. फेंडरच्या कारखान्यात हे काम प्रामुख्यानं बायका करायच्या. यंत्र सांगाडा गरागरा फिरवायचं आणि तार बोटांच्या चिमटीत धरून बाई तिला डावीकडे-उजवीकडे नेत राहायची. चिमटी घट्ट झाली तर तार तुटते, सैल झाली तर वेढे ढिले बसतात. आपल्याकडं रिळावर मांजा गुंडाळताना बोटांत जी जाण लागते तीच, फक्त धागा त्याहून किती तरी बारीक आणि काम दिवसभराचं.

वेढे जास्त पडले तर आवाज जोरकस होतो, पण त्यातली वरची चमक कमी होते. वेढे कमी पडले तर आवाज थोडा हलका, पण काचेसारखा लखलखीत. शिवाय हातानं गुंडाळलेले वेढे यंत्रासारखे शिस्तीत एकाशेजारी एक बसत नाहीत, तिरके-वाकडे पडतात. त्यामुळं वेढ्यांमधली विजेची साठवण थोडी घटते आणि वरच्या पट्टीतले स्वर मोकळे होतात. म्हणजे बाईचा हात दुपारच्या जेवणानंतर जरा संथ चालला, तर त्याचा परिणाम सत्तर वर्षांनंतर लंडनच्या एखाद्या स्टुडिओत ऐकू येऊ शकतो. रेडिओवर हे दोन्ही आवाज शेजारी-शेजारी ऐकवता येतात. कागदावर ती सोय नाही, म्हणून एवढंच सांगतो : तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीवरून कानस एकदा जास्त फिरवतो आणि झंकार बदलतो, त्या जातीचा हा फरक आहे.

त्यात इतर वस्तूंची भर पडते. आवाज कमी-जास्त करण्याचं बटण घ्या. त्याच्या आतल्या भागावर २५० किलोओहम असं लिहिलेलं असलं तरी त्या काळी २० टक्के इकडे-तिकडे चालायचं. म्हणजे एक निघतो २००, दुसरा ३००. दोनशेवाला आवाजातली धार कमी करतो, तीनशेवाला ती राखतो. कित्येकदा ‘या गिटारीच्या लाकडातच जादू आहे’ असं म्हटलं जातं, तेव्हा ती जादू या स्वस्तातल्या सुट्या भागाचीही असू शकते. माझा भाचा लाकडाची स्तुती सुरू झाली की आधी मीटर काढतो.

त्याच वेळी सुमारे तीन हजार किलोमीटरवर, मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू गावी, गिब्सन कंपनी गिटारी बनवत होती. तिची रीत जुन्या सुतारांची. महॉगनीचं अंग, वर कोरीव मेपलची फळी, मान सरसानं बसवलेली. १९५२ मध्ये तिनं लेस पॉल या प्रसिद्ध वादकाच्या नावाची सोनेरी गिटार काढली. आज त्या नावाभोवती एवढं वलय आहे की पहिल्या वर्षीच्या गिटारी कशा होत्या, हे कोणी सांगत नाही. मानेचा कोन चुकला होता. मान पुरेशी मागं कललेली नसल्यानं तारा घोडीच्या वरून न नेता खालून गुंडाळाव्या लागल्या, आणि उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून नाद दाबणं वादकांना अशक्य झालं. लेस पॉलनं स्वतः त्याबद्दल तक्रार केली. पुढच्या एक-दोन वर्षांत ते सुधारलं. पण जुन्या म्हणून त्या पहिल्या गिटारीही महागच विकल्या जातात.

गिब्सनमधला सेथ लव्हर हा तंत्रज्ञ हुशार. एका कॉइलचा पिकअप आसपासच्या विजेची घरघर पकडतो. ट्यूबलाइट लावली की रेडिओत खरखर यायची, आठवतं ना? तशीच. लव्हरनं दोन कॉइल शेजारी ठेवल्या, एकीचे वेढे आणि चुंबकाची दिशा दुसरीच्या उलट केली. तारेचा नाद दोन्हींत मिळून वाढला आणि घरघर एकमेकींत कटली. १९५५ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, १९५७ मध्ये हे पिकअप गिटारींवर आले, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. मधल्या काळात पिकअपच्या तळाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची छोटी काळी पट्टी चिकटवत. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना पी.ए.एफ. म्हणतात. सध्याच्या बाजारात जुन्या पी.ए.एफ.ची एक जोडी चांगल्या नव्या गिटारीपेक्षा महाग पडते.

आणि या पी.ए.एफ.इतकी बेभरवशाची वस्तू दुसरी नसेल. हिशेब होता प्रत्येक कॉइलवर ५,००० वेढ्यांचा, पण यंत्रांवर अचूक मोजणी नव्हती. रीळ भरलेलं दिसलं की थांबायचं. आज मोजलं तर कुणाचा रोध सात किलोओहम, कुणाचा नऊ. चुंबकाचेही प्रकार असतात, कमी-जास्त ताकदीचे. कारखान्यात ज्या प्रकारचा माल आला असेल तो वापरला जाई. रिळाच्या काळ्या प्लॅस्टिकचा तुटवडा झाला तेव्हा पांढरट प्लॅस्टिक वापरलं, कारण वर धातूचं झाकण येणार होतं, आत कोण पाहतो? आता लोक झाकण काढून तेच पाहतात, आणि पांढऱ्या रिळांना जास्त भाव देतात. आवाजात त्या रंगानं काही फरक पडत नाही. पेटंट मिळाल्यावरची गोष्ट तर आणखी मजेची. नंतरच्या पट्टीवर जो पेटंट क्रमांक छापला, तो या पिकअपचा नव्हताच. तो लेस पॉलच्या तारा अडकवण्याच्या पट्टीचा होता.

दोन कॉइलींचे वेढे सारखे नसले की घरघर पूर्ण कटत नाही, पण आवाजात एक मोकळेपणा येतो. म्हणजे काटेकोर तपासणीत जो माल नापास ठरला असता, तोच कानाला गोड लागला. फ्लीटवुड मॅकचा पीटर ग्रीन १९५९ ची लेस पॉल वाजवायचा. तिचे दोन पिकअप एकत्र चालू केले की आवाज विचित्र पोकळ, नाकात बोलल्यासारखा, पण काळजाला भिडणारा येई. एका पिकअपची दिशा दुसऱ्याच्या विरुद्ध होती. त्यातला चुंबक उलटा बसला होता, असं सांगतात. तीच गिटार पुढं गॅरी मूरकडं गेली आणि आता मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडं आहे. तिन्ही वादक तिच्यावर अगदी वेगळं वाजवणारे, तरी तो पोकळ सूर ओळखू येतो.

मात्र असा प्रत्येक दोष गोड निघत नाही, आणि इथं मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. बरेच सुखद अपघात आपल्याला माहीत आहेत ते यासाठी की चांगल्या वादकांनी त्या गिटारी निवडल्या, जपल्या, त्यांच्यावर रेकॉर्डी केल्या. ज्या मठ्ठ होत्या, ज्यांच्या माना वाकल्या, त्या मोडल्या गेल्या, त्यांचे भाग दुसऱ्यांना लागले, किंवा त्या पेटीत निजून राहिल्या. पन्नास वर्षं न वाजता कोरी राहिलेली गिटार पाहिली की बाजार हरखतो. मला मात्र विचारावंसं वाटतं, ती कोणी वाजवली का नाही?

एरिक क्लॅप्टननं हा प्रश्न फार व्यवहारी पद्धतीनं सोडवला. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात त्यानं पन्नाशीतल्या जुन्या स्ट्रॅटोकास्टर एकगठ्ठा घेतल्या. तेव्हा त्यांना फारसं कोणी विचारत नव्हतं. काही मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींतून हिची मान, तिचं अंग, तिसरीचे पिकअप असं निवडून एक जुळवली. तिचं नाव ‘ब्लॅकी’. २००४ मध्ये ती ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरना विकली गेली. जाणकार कानाच्या माणसाला तीन अस्सल गिटारींतून एक मनासारखी मिळाली, यातच सगळं आलं.

लाकडाबद्दल थोडं. फेंडरची सुरुवातीची अंगं अ‍ॅश लाकडाची. दलदलीच्या जमिनीतल्या झाडाच्या बुंध्याचं अ‍ॅश हलकं, कोरड्या जागचं जड. १९५६ पासून बहुतेक गिटारींना अल्डर लाकूड आलं. गिब्सनच्या लेस पॉल साडेतीन किलोच्याही सापडतात आणि साडेचारच्याही. तीन तास गळ्यात अडकवून उभं राहणाऱ्याला एका किलोचा अर्थ विचारा. १९५८ ते १९६० मध्ये गिब्सननं सोनेरी रंग सोडून लाल-पिवळा पारदर्शक रंग दिला आणि मेपलचे वाघासारखे पट्टे दिसू लागले. अशा सुमारे दीड हजारच बनल्या, कारण तेव्हा खपत नव्हत्या. त्यातला लाल रंग कच्चा होता. दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेली गिटार मधासारखी पिवळी झाली, पेटीतली लालच राहिली. काहींचा तारांखालचा प्लॅस्टिकचा पत्रा काढला की त्या आकाराचा लाल तुकडा आत ताजा दिसतो.

बोटं फिरतात त्या पट्टीसाठी ब्राझीलचं रोझवूड वापरत. साठच्या दशकात ते मिळणं अवघड होत गेलं आणि दशकाच्या मध्यानंतर त्याची जागा भारतीय रोझवूडनं घेतली, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणारं शिसव. अमेरिकन गिटारीवर आपल्याकडचं झाड चढलं ते असं. संग्राहक मात्र ब्राझीलच्याच पट्टीला मान देतात. १९९२ पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आहेत, म्हणून अशी गिटार विकून देशाबाहेर पाठवायची तर कागदपत्रं लागतात.

जानेवारी १९६५ मध्ये फेंडरनं कंपनी विकली. घेणारी सीबीएस, अमेरिकेतली बडी रेडिओ-टीव्ही कंपनी. किंमत १ कोटी ३० लाख डॉलर. रेडिओदुरुस्तीवाल्याचा कारखाना रेडिओवाल्यांकडं गेला. उत्पादन वाढलं आणि हळूहळू जुळणी सैल झाली. १९७१ पासून स्ट्रॅटोकास्टरची मान चारऐवजी तीन स्क्रूंवर आली, रंगाचा थर जाड प्लॅस्टिकसारखा झाला. गिब्सनही १९६९ मध्ये दुसऱ्यांच्या हाती गेली आणि अंगासाठी थरांवर थर चिकटवलेलं लाकूड वापरू लागली. म्हणून बाजारात ‘सीबीएसपूर्व’ हा शब्द सोन्याच्या छापासारखा चालतो. पण तोही डोळे मिटून मानू नये. वुडस्टॉकला १९६९ मध्ये जिमी हेंड्रिक्सनं वाजवलेली पांढरी स्ट्रॅटोकास्टर १९६८ ची होती, म्हणजे सीबीएसच्या काळातली. तिच्यात काय कमी होतं, ते ऐकणाऱ्यानं सांगावं.

मी कवी माणूस. वृत्त तेच, मात्रा त्याच, तरी एक ओळ चालते आणि एक लंगडते, हे मला अंगवळणी पडलेलं आहे. बाजाराला ते मान्य नाही. त्याला साल, क्रमांक आणि अस्सलपणा हवा, कारण तेवढंच दुरून तपासता येतं. रंग पुन्हा चढवला की किंमत साधारण निम्मी होते, आवाज तोच असला तरी. आतला झाळलेला सांधा एकदा उघडला असेल तर भाव उतरतो. मग नकली माल येतो. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ निवृत्तीच्या पैशातून घेतलेली जुनी अमेरिकन गिटार भाच्याकडं घेऊन आले. विकणाऱ्यानं साल सांगितलं होतं १९६२. भाच्यानं झाकण उघडलं, बटणाखालचा आकडा वाचला. त्या भागावर बनवणाऱ्याचा क्रमांक, मग साल, मग आठवडा असा छाप असतो. उदाहरणार्थ ३०४६०१२ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, १९६० साल, बारावा आठवडा. या गिटारीत निघालं १९७६. सांधेही नव्या झाळणीचे. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वाजते कशी, ते तरी सांगा.” भाच्यानं वाजवली. चांगली वाजत होती. पण त्यांनी पैसे दिले होते ते १९६२ चे.

छापही शेवटचा शब्द नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावं. त्या आठवड्याआधी गिटार बनली नाही, एवढंच तो सांगतो. फेंडरनं १९६६ मध्ये असे भाग मोठ्या संख्येनं घेऊन ठेवले आणि ते पुढं काही वर्षं वापरले, त्यामुळं १९६९ च्या गिटारीत १९६६ चा छाप सापडतो आणि ती अस्सल असते. म्हणून घेणाऱ्यानं मान काढून पाहावी, आतलं पाहावं, आणि त्याआधी अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवून नुसत्या तारा छेडाव्यात. कोरड्या आवाजात जी गिटार लांबवर थरथरत राहते, तिच्या मानेची आणि अंगाची जुळणी चांगली असते. पिकअप बदलता येतात, हे नाही बदलता येत.

एकदा भाच्याच्या टेबलावर पन्नाशीतल्या एका स्ट्रॅटोकास्टरचं छायाचित्र पाहिलं, आतला भाग उघडलेलं. तारांच्या जंजाळाखाली पिवळट चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर पेन्सिलीनं ‘मेरी’ आणि तारीख. अशा पट्ट्या त्या काळातल्या बऱ्याच गिटारींत सापडतात. कुठं ‘मेरी’, कुठं ‘ग्लोरिया’. झाळणी करणाऱ्या बायकांनी आपलं काम ओळखू यावं म्हणून चिकटवलेल्या. दुरुस्ती करणारे आता ती पट्टी हलवत नाहीत, कारण तीही किमतीत धरली जाते.

अ‍ॅबिगेल इबारा १९५६ मध्ये फेंडरच्या कारखान्यात लागली. पिकअप गुंडाळायचं काम. त्या वर्षीच्या पगारपत्रकाबाहेर तिचं नाव कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. १९८७ मध्ये फेंडरनं खास मागणीप्रमाणं गिटारी बनवणारा विभाग काढला, पुढं तिथं मुद्दाम जुन्यासारख्या झिजवलेल्या नव्या गिटारीही बनू लागल्या. जुना आवाज हवा तर जुना हात हवा, हे लक्षात आलं. मग अ‍ॅबिगेलनं गुंडाळलेले पिकअप तिच्या नावानिशी, जास्त दामानं विकले जाऊ लागले. वादक तिच्या पिकअपसाठी थांबून राहत. २०१३ मध्ये ती निवृत्त झाली. साठच्या दशकाच्या मध्यापासून फेंडरच्या पिकअपांच्या तळाशी तारीख आणि गुंडाळणारीची आद्याक्षरं शाईनं लिहिलेली सापडतात. त्याआधीच्या पिकअपांवर सहसा तसं काही नसतं, म्हणून तिच्या पहिल्या वर्षांतले पिकअप आज कुठल्या गिटारींत आहेत, हे ओळखायला काही खूण नाही.